दहावं गिऱ्हाईक

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी ठकी कामात मोठी काटेकोर. डॉक्टरांची चिठ्ठी ती दोनदा वाचायची, पाकिटावरची बारीक तारीख उजेडात धरून बघायची, आणि एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ‘ही जेवणाआधी, ही जेवणानंतर’ असं तिसऱ्यांदा सांगतानाही तिच्या कपाळावर आठी पडत नसे. ठकी हे तिचं घरातलं नाव. दुकानात सगळे मॅडम म्हणत. बारा वर्षांत तिच्या हातून एक चुकीची गोळी गेली नव्हती. अशा बाईने आपल्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत काय करून ठेवलं, ते सांगताना अंगाची लाहीलाही होते. पण सांगायलाच हवं, कारण तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. रोज करतोच आहोत.

दुकान एका मोठ्या कंपनीचं होतं. कंपनीची वेबसाइट होती आणि ती अगदी साधी होती. औषधाचं नाव लिहायचं, किती पाकिटं हवीत ते लिहायचं, एक नंबर मिळायचा. दुकानात येऊन नंबर सांगायचा, चिठ्ठी दाखवायची, पाकीट घ्यायचं आणि चालू पडायचं. तुम्ही कोण, कुठे राहता, तुमच्या फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत, याच्याशी त्या वेबसाइटला काही कर्तव्य नव्हतं. मग वरून हुकूम आला. वेबसाइट हळूहळू गुंडाळायची आणि गिऱ्हाइकांना ॲपवर आणायचं. काउंटरवरच्या प्रत्येकाने रोज दहा फोनांत ॲप टाकून द्यायचं, म्हणजे द्यायचंच.

विभागाचे साहेब हे समजावून सांगायला खास आले होते. “वेबसाइटवरचं गिऱ्हाईक म्हणजे दारावरून जाणारा माणूस,” ते म्हणाले, “बघितलं, घेतलं, गेला. ॲप टाकलं की आपण त्याच्या घरात मुक्कामाला!” सगळे हसले. ठकीही हसली. मुक्कामाला आलेला पाहुणा यजमानाची कपाटं उघडून बघतो का हो, असं त्या दिवशी कोणीही विचारलं नाही.

आणि माणसं तरी कशी! काउंटरवर फोन मागितला की लोक तो नाडी बघायला हात पुढे करावा तसा पुढे करत. कोणाजवळ चष्मा नसे, कोणाला घाई असे, कोणाला वाटे की मॅडम करतायत म्हणजे बरोबरच असणार. ॲप आधी चार प्रश्न विचारायचं: फोनमधले सगळे नंबर बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का, फोटो बघू का, तुमच्या ओळखीच्यांना आमच्याबद्दल कळवू का. चारही प्रश्नांखाली एकच हिरवं बटण, ‘परवानगी द्या’. ठकीचा अंगठा त्यावर टक टक टक टक असा चार वेळा पडायचा. गोळ्यांच्या डबीतला मुंगीच्या अक्षरांचा कागद गिऱ्हाइकाला वाचून दाखवणाऱ्या या बाईने हे चार प्रश्न एकदाही पुरते वाचले नव्हते.

त्या संध्याकाळी तिचे नऊ फोन झाले होते. सात वाजले, दुकानातली गर्दी ओसरली आणि दारातून ताई आत आली.

ठकीची ही थोरली बहीण घरातच पाळणाघर चालवायची. अकरा मुलं. सकाळी आठला पहिलं रडत यायचं आणि संध्याकाळी सहाला शेवटचं ‘जायचं नाही’ म्हणून रडत जायचं, यातच ताईचं सगळं कौतुक आलं. पण सहा वर्षांपूर्वी हीच ताई तीन महिने भिंतीकडे तोंड करून बसली होती. सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं आणि तिचं बोलणं, जेवणं, केस विंचरणं, सगळं थांबलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज एक, सकाळी, न चुकता. त्या गोळ्यांनी ताई उठली, हसली, आणि बाळासाठी रंगवलेल्या खोलीत तिने लोकांची बाळं सांभाळायला घेतली. गोळ्यांचं हे गुपित तिघांना माहीत होतं: भावोजींना, ठकीला आणि डॉक्टरांना.

“अगं, ती वेबसाइट काही चालेना,” ताई म्हणाली. “‘ही सोय आता फक्त ॲपवर’ असं येतंय. मला आपल्या नेहमीच्या तीस गोळ्या दे, मी चालले. गॅसवर दूध ठेवायचंय.”

“आण तुझा फोन. टाकून देते ॲप, मग दर महिन्याला आपोआप आठवण येईल.”

“कशाला गं? मला काय करायचंय ते? मी आपली येऊन घेऊन जाईन.”

“अगं, काही होत नाही! सगळेच टाकतात. आणि माझं आज एक कमी पडतंय, ताई. तेवढं माझ्यासाठी कर.”

धाकट्या बहिणीने ‘माझ्यासाठी’ म्हटल्यावर ताई कधी नाही म्हणालेली नव्हती. तिने फोन दिला. ठकीने चार वेळा अंगठा टेकवला, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढून ॲपमध्ये घातला, पाकीट बिनछापाच्या लिफाफ्यात घालून बहिणीच्या हातात ठेवलं आणि वहीत दहावी रेघ ओढली. लिफाफा बिनछापाचा घ्यायला ती विसरली नाही. कोणी बघू नये म्हणून!

नऊ दिवसांनी, एका गुरुवारी दुपारी, अकरा मुलांच्या आयांच्या फोनवर एकाच वेळी एक निरोप वाजला. वर हसऱ्या फुलाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं: ‘तुमच्या ओळखीच्या “पाळणाघर ताई” आता आमच्या प्रसन्न मन परिवारात! नैराश्यावरच्या नियमित औषधांसाठी त्यांनी आमची निवड केली आहे. तुम्हीही आजच या!’ यातल्या काही आयांच्या फोनमध्ये ॲप आधीच होतं. त्यांनी ताईचा नंबर ज्या नावाने साठवला होता, तेच नाव ॲपने उचललं होतं. चुकायची सोयच नव्हती.

शुक्रवारी सकाळी पाळणाघरात चार मुलं आली.

बाकीच्यांचे फोन आले. कोणाकडे म्हणे आजी राहायला आली, कोणी म्हणे आठवडाभर रजा काढली, कोणाच्या मुलाला सर्दी झाली होती. ताईने सगळ्यांना “बरं, बरं, काळजी घ्या” म्हटलं. सात घरांत एकाच दिवशी आजी, रजा आणि सर्दी कशी आली, ते तिला दुपारपर्यंत कळेना. दुपारी त्या चौघांतल्या जुळ्यांची आई आली. ती बँकेत होती, बोलायला फटकळ, आणि निदान तोंडावर बोलायची हिंमत तरी तिच्यात होती. तिने दारातच आपला फोन ताईच्या पुढे धरला.

“हे खरं आहे का?”

ताईने वाचलं. पुन्हा वाचलं.

“तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं,” जुळ्यांची आई म्हणाली. तिचा आवाज चढला तशी शेजारची दोन दारं उघडली. “दोन वर्षं माझी मुलं तुमच्याकडे आहेत. दिवसभर! आणि तुम्ही डोक्याच्या गोळ्या घेता?”

“दोन वर्षांत मुलांना कधी काही कमी पडलं का हो?” ताई कशीबशी म्हणाली. “त्या गोळीमुळेच तर मी…”

“नाही पडलं. उद्या पडलं तर? गोळ्या घेणाऱ्या बाईच्या हातात मुलं कशी ठेवायची, तुम्हीच सांगा!” तिने जुळ्यांचे बूट, पाण्याच्या बाटल्या, झोपायच्या चादरी एका पिशवीत कोंबल्या. त्यातलं एक पोर ताईच्या कमरेला मिठी मारून बसलं होतं. त्याची बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली.

संध्याकाळी भावोजी घरी आले ते शेजाऱ्यांकडून सगळं ऐकूनच. ते पाणी प्यायलाही थांबले नाहीत. “सहा वर्षं मी तोंडातून ब्र काढला नाही. माझ्या सख्ख्या आईला सांगितलं नाही. आणि तू फोनवरून गावभर दवंडी पिटलीस?” दवंडी पिटणारा कोण, आणि ती पिटायची मुभा कोणी दिली, याचा विचार त्यांनी केला नाही. आपल्याकडे अब्रू गेली की घरातल्या बाईला धरायचं, एवढं ठरलेलं असतं. आणि आजार झाकून ठेवायची ही जी आपली जुनी खोड आहे ना, तिच्याच जिवावर तर असली ॲपं गबर होतात. लाज नसती, तर त्या निरोपाला कोणी हिंग लावून विचारलं नसतं.

ठकीला बातमी कळली तशी तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला.

“मॅडम, ग्राहकाने स्वतः परवानगी दिलेली दिसतेय. तारीख आहे, वेळ आहे. संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. चारही परवानग्या.”

“ग्राहकाने नाही दिली. मी दिली.”

“आपण ग्राहकाच्या कोण?”

ठकीने फोन ठेवला. औषधं ठेवायच्या मागच्या खोलीत ती खोक्यांवर बसली आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि थेट ताईकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. ताईने चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. ताई म्हणाली, “तुला तरी काय माहीत, ठके? तूच म्हणालीस ना, सगळेच टाकतात.” टोमणा नव्हता त्यात. ताईला टोमणे जमतच नसत.

“तुझ्या गोळ्या नीट चालू आहेत ना?” ठकीने विचारलं.

“आहेत गं बाई,” ताई म्हणाली आणि खोटं बोलली. जुळ्यांची आई गेली त्याच संध्याकाळी तिने पाकिटात उरलेल्या सगळ्या गोळ्या संडासात टाकून पाणी ओतलं होतं. गोळ्या घेणाऱ्या बाईकडे मुलं ठेवत नाहीत ना? मग ती घेणारच नव्हती. आठ-पंधरा दिवसांनी एकेकीला फोन करून सांगणार होती, की माझं सगळं बंद झालं, आता पाठवा मुलांना. इतका साधा, इतका वेडा हिशेब होता तिचा. आणि बारा वर्षं गोळ्या मोजणाऱ्या ठकीने त्या दिवशी बहिणीच्या कपाटातलं एक पाकीट उघडून बघितलं नाही.

चार मुलांची दोन झाली, दोनाचं एक झालं. उरली ती एका नर्सची अडीच वर्षांची मुलगी. नर्सला दुसरीकडे सोयच नव्हती.

चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, अडीअडचणीसाठी ताईने दिलेल्या नंबरवर नर्सचा फोन ठकीला दुकानात आला. “तुमच्या ताई फोन उचलत नाहीत. तीनदा केला. मी निघालेय, तुम्हीही या.”

दोघी दारात एकदमच पोचल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दूध जळल्याचा धूर कोंडला होता. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि खाली गॅस तसाच पेटलेला. पोरगी ओल्या झबल्यात जमिनीवर बसून मेणाचा रंगीत खडू चावत होती, रडून रडून थकलेली. आणि ताई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. ठकीने हाक मारली तरी मान वळली नाही.

जे नव्हतं ते आता झालं होतं. ज्या बाईच्या हाती अकरा मुलं दोन-दोन वर्षं सुखरूप होती, तिला धोक्याची ठरवता ठरवता खरोखरच धोक्याची करून ठेवली. ॲपने केली, आयांनी केली, भावोजींनी केली, आणि सगळ्यांच्या आधी ठकीने.

नर्सने गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या, मुलीच्या तोंडातला खडू काढला, तिला कडेवर घेऊन पाणी पाजलं. ठकीला वाटलं, आता ही तोंडाला येईल ते बोलणार, आणि तिने बोलावंच. पण नर्स ताईच्या समोर खाली बसली आणि तिचं मनगट हातात घेतलं.

“गोळ्या कधीपासून बंद केल्यात?”

ताईचे ओठ हलले. “त्या म्हणाल्या… गोळ्या घेणारी बाई नको.”

“गोळी घेणाऱ्याची मला कधी भीती वाटत नाही हो,” नर्स म्हणाली. “लोकांच्या भीतीने गोळी सोडणाऱ्याची वाटते. आज माझी पोर गेली असती!” मग ती ठकीकडे वळली. “आणि तुम्ही? तुम्ही औषधाच्या दुकानात ना? की नुसते फोन हाताळायला उभं केलंय तुम्हाला?”

ठकीने ताईला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण त्यांचा गुण यायला आठवडे लागतात, हे ठकीइतकं कोणाला ठाऊक असणार! नर्स जाताना म्हणाली, “मी हिला परत आणेन. पण दिवसभर तुम्ही इथे असाल तरच.”

दोन दिवसांनी साहेब दुकानात आले. हातात प्रशस्तिपत्र. सबंध विभागात सगळ्यात जास्त ॲप टाकून देणारी कर्मचारी म्हणून ठकीचं नाव निघालं होतं. गिऱ्हाइकांसमोरच द्यायचं म्हणून त्यांनी मुद्दाम गर्दीची वेळ गाठली होती.

“बोला दोन शब्द, मॅडम,” साहेब म्हणाले.

“बोलते ना,” ठकी म्हणाली. “आधी एक काम राहिलंय. तुमच्या फोनमध्ये आपलं ॲप आहे?”

“आहे की! म्हणजे… अर्थातच.”

“दाखवा. फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी दिलीय का बघू. नसेल तर मी टाकून देते. टक टक, दोन मिनिटांचं काम.”

साहेबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. “हा माझा खासगी फोन आहे हो.”

“माझ्या बहिणीचा सार्वजनिक होता का?”

ठकीने आवाज चढवला नाही. रांगेतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, “मी तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या फोनमध्ये हे टाकलंय. न वाचता. तुम्ही कोणती गोळी घेता ते तुमच्या नातेवाइकांना, साहेबांना, घरमालकाला कळवायची परवानगी मी तुमच्या वतीने देऊन बसलेय. माझ्या बहिणीचं असंच कळवलं आणि तिचं घर बसलं. ज्यांना काढून टाकायचं असेल त्यांनी आत्ता काढा. येत नसेल त्याला मी शिकवते.”

“मॅडम, तुम्ही घरी जा,” साहेब दातओठ खाऊन म्हणाले.

“जातेच आहे. पण ही रांग संपल्यावर.” आणि ती खरोखर रांग संपेपर्यंत थांबली. सतरा जणांनी ॲप काढलं. बाकीचे ‘बघू नंतर’ म्हणून गेले. ॲपवर मिळणारी सवलत जाईल म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून ठकी पाळणाघरात जाऊ लागली. नर्सची मुलगी आली. पंधरा दिवसांनी नर्सनेच पाठवलेलं आणखी एक पोर आलं. ताई हळूहळू खोलीबाहेर येऊ लागली, आधी नुसती बसायची, मग धुतलेल्या छोट्या चादरींच्या घड्या घालू लागली. रोज न चुकता एक प्रश्न मात्र विचारायची: “ठके, जुळी कशी असतील गं? त्यांची आई मला कायमची वेडी समजत असेल ना?” त्या एका बाईचं बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, तेवढं निघालं तर लवकर बरी होईल.

आणि एका दुपारी जुळ्यांची आई फाटकाशी येऊन उभी राहिली. ठकी बाहेर गेली. बाईने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग पर्समधून फोन काढला.

“तुम्ही ते ॲप काढून देता असं ऐकलं. माझ्या फोनमधलं काढा. सगळं पुसून टाका. मला काढता येईना, ते विचारतं ‘खरंच जायचंय का’ आणि पुन्हा तिथेच नेतं.”

ठकीने ॲप उघडलं. आत चिठ्ठीचा फोटो होता. तीच गोळी, तीच मात्रा. औषध कंपनीच्या दुसऱ्या दुकानातून घेतलेलं, आणि चिठ्ठीवर सुरुवातीची तारीख जुळी झाली तेव्हाची.

ठकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिने! हिने माझ्या बहिणीला दारात उभं करून ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हटलं, शेजाऱ्यांची दारं उघडेपर्यंत ओरडली, आणि हिच्याच पर्समध्ये तेच पाकीट!

“त्या दिवशी मला वाटलं, पुढचा निरोप माझाच,” बाई पुटपुटली. डोळे भरले होते. “बँकेत कळलं तर… सासरी कळलं तर… मी फार बोलले हो. मला माहीत आहे.”

“मग आत चला. एवढंच ताईला सांगा.”

“नाही! नाही, प्लीज.”

“आणि मुलं?”

बाईने मान खाली घातली. “एवढ्यात नको. लोक विचारतील, पुन्हा तिथेच का.”

ठकीने दात आवळले. चारही परवानग्या एकेक वाचून बंद केल्या, चिठ्ठीचा फोटो पुसला, खातं बंद करायची मागणी पाठवली आणि मग ॲप काढून टाकलं. फोन परत दिला. बाई घाईघाईने गल्लीच्या तोंडाशी गेली आणि दिसेनाशी झाली.

आत ताई खिडकीशी घड्या घालत बसली होती. एक वाक्य, फक्त एक वाक्य सांगायचं, की ताईच्या काळजातलं ते निघालं असतं. ठकीच्या अगदी ओठांवर आलं होतं ते.

“कोण आलं होतं गं?” ताईने विचारलं.

“कोणी नाही,” ठकी म्हणाली. “पत्ता विचारत होती.”